वाचक विचारतात: लाल बटण दाबलं तर ट्रेन लूपमध्येच लटकेल का?

मागच्या अंकात रोलर कोस्टरच्या चाकांबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेले निम्मे प्रश्न मात्र बटणांबद्दल निघाले. बरीच वर्षं राइड्सचे कंट्रोल पॅनल उघडण्यात गेलीत, त्यामुळे बटणांचा विषय निघाला की माझे हात शिवशिवतात.

प्रश्न: राइड सोडणारा माणूस लांब लांब असलेली दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम का दाबतो? एका बटणाने भागत नाही का?

भागतं की, पण मुद्दाम भागू देत नाहीत. बटण एकच असेल तर चुकून कोपर लागलं, कुणी त्यावर बाटली टेकवली, झालं, ट्रेन सुटली. दोन्ही हात गुंतले की एका हाताने कुणाचा तरी सेफ्टी बार दाबत दुसऱ्या हाताने ट्रेन सोडता येत नाही. ही युक्ती कारखान्यातल्या प्रेस मशीनवर जुनी आहे, तिथे कामगाराची बोटं वाचवायला वापरतात. त्या मशीनच्या स्टँडर्डमध्ये दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबायची आणि प्रत्येक वेळी दोन्ही सोडायची असं आहे. एकदा एका पार्कातून फोन आला की पॅनल बिघडलंय, ट्रेन सुटतच नाही, जाऊन बघतो तर डाव्या बटणावर मस्त चिकटपट्टी मारलेली, एका हाताने काम व्हावं म्हणून! पॅनलला ते बटण सुटलेलं दिसतच नव्हतं, म्हणून ते अडून बसलं होतं, आणि बरोबरच होतं.

आणि ते बटण दाबणं म्हणजे खरं तर अर्ज करणं. सगळे बार लॉक आहेत का, गेट बंद आहेत का, पुढचा ट्रॅक मोकळा आहे का, हे पीएलसी म्हणजे राइडचा कंट्रोल कॉम्प्युटर बघतो, मग मंजुरी.

प्रश्न: चालत्या राइडमध्ये इमर्जन्सी स्टॉप दाबलं तर ट्रेन लूपमध्ये उलटी लटकेल का हो? मुलगी रोज विचारते.

नाही लटकणार, सांगा तिला. कोस्टरच्या सगळ्या ट्रॅकभर ब्रेक नसतातच, ठरावीक जागी असतात, मधला प्रवास ट्रेन स्वतःच्या वेगावर करते. लाल बटण दाबलं तरी लूपमधली ट्रेन लूप पूर्ण करून पुढच्या ब्रेकवर जाऊन थांबते. चढावर असेल तर चेन बंद होते आणि ट्रेन जागच्या जागी राहते, कारण चढताना जो टक टक टक आवाज येतो ना, तो खालचे दात अडकत जाण्याचा असतो, ते दात ट्रेनला मागे घसरू देत नाहीत, आणि त्यांना वीज लागत नाही. लाल बटण दाबल्यावर अडकून बसतं, फिरवून सोडवावं लागतं, आणि सोडवलं म्हणजे राइड लगेच सुरू होत नाही, रिसेट वेगळं.

प्रश्न: लाइट गेली तर ब्रेक कसे लागतात?

लाइट गेली म्हणूनच लागतात! बऱ्याच कोस्टरवर हवेच्या दाबाने ब्रेक उघडे ठेवतात, दाब गेला की स्प्रिंग ते आवळते. चुंबकाचे ब्रेक असतील तर त्यांना वीज लागतच नाही, पण ते वेग मारतात, पूर्ण थांबवून धरून ठेवायला दुसरं काही लागतं.

प्रश्न: काही झालेलं नसताना राइड मध्येच थांबते, माणसं वर अडकतात. कॉम्प्युटर इतका भित्रा कशाला?

भित्राच पाहिजे. ट्रॅकचे भाग पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एकच ट्रेन. ट्रेन कुठे आहे ते प्रॉक्सिमिटी सेन्सर सांगतात, ट्रेनखालची लोखंडी पट्टी समोरून गेली की सिग्नल. त्यातला एक सेन्सर जरा सैल झाला, दोन सेन्सरचं म्हणणं जुळलं नाही, की पीएलसी म्हणतो मला खात्री नाही, सगळे थांबा. दहापैकी नऊ वेळा मला ढिला नट किंवा घासलेली वायर सापडलीय, आणि तेव्हाच मोह होतो की चला, हे खोटंच असणार, ओव्हरराइड करा, म्हणजे सिस्टीमचं न ऐकता ट्रेन सोडा. इंग्लंडमध्ये आल्टन टॉवर्सच्या स्मायलर कोस्टरवर २ जून २०१५ ला नेमकं हेच झालं. टेस्टसाठी सोडलेली रिकामी ट्रेन पुढे ट्रॅकवर अडकली होती, सिस्टीमने मागची भरलेली ट्रेन थांबवली होती, पण इंजिनियर लोकांना वाटलं सिस्टीमच चुकतेय, त्यांनी ती सोडली आणि ती जाऊन धडकली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला, कंपनीला २०१६ मध्ये ५० लाख पौंड दंड झाला. तेव्हा वर अडकलात तर वैतागा खुशाल, पण ऑपरेटरला घाई करू नका.

प्रश्न: कॉलेज प्रोजेक्टला आकाशपाळण्याचं मॉडेल केलंय, अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर. स्टॉप बटण एनओ लावलं तर सर म्हणाले चूक. चालतंय तर!

सर बरोबर आहेत रे. एनओ म्हणजे दाबल्यावर जोडलं जाणारं, त्याची वायर तुटली तर तुला कळणारच नाही, कळेल ते थेट दाबायची वेळ येईल तेव्हा. एनसी, म्हणजे दाबल्यावर तुटणारं लाव, बोर्डची पिन आणि ग्राउंडच्या मध्ये, आणि कोडमध्ये इनपुट पुलअप चालू कर, म्हणजे ग्राउंडशी जोड तुटली की पिन आपोआप हाय होते. मग बटण दाबलं काय आणि वायर तुटली काय, पिन हाय होणार, आणि हाय म्हणजे थांब. शिवाय कोड हँग होऊ शकतो, म्हणून त्याच बटणाच्या दुसऱ्या एनसी कॉन्टॅक्टमधून मोटरचा सप्लायही घे. मग परीक्षेला पाळणा फिरत असताना पिनची वायर सरळ उपसून दाखव.