स्पायनल दिल्यानंतरची दहा मिनिटं

प्रिय डॉक्टर,

स्पायनलच्या, म्हणजे पाठीच्या मणक्यात सुईने भूल द्यायच्या, सीझरच्या केसेस आता तुझ्याकडे यायला लागतील. सुई घालायला हात लवकर बसतो. सुईच्या आधी आणि नंतर काय करायचं, त्याबद्दल थोडं लिहून ठेवावंसं वाटलं.

‘उपाशी आहात ना?’ असं कधी विचारू नकोस. बाई ‘हो’ म्हणून मोकळी होते. ‘सकाळपासून पोटात काय काय गेलं?’ असं विचार, म्हणजे सासूने पाजलेला चहा बाहेर येतो. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाच्या चहाला मात्र सहा तास धरायचे. कळा सुरू असतील तर घड्याळ बघूच नकोस, पोट भरलेलंच समज. म्हणून स्पायनलची केस असली तरी घशातली उलटी ओढून घेणारं सक्शन ओढतंय का, श्वासनलिकेत ट्यूब घालायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतोय का आणि सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती आहे, हे आधी स्वतः तपास.

आता अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी. रक्तस्रावासाठी लागणारं ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड ऑपरेशन थिएटरात हाताशीच असतं, आणि काही कंपन्यांची त्याची अँप्युल हेवी बुपिव्हाकेनसारखी, म्हणजे स्पायनलच्या भुलीच्या औषधासारखी दिसते. ते चुकून मणक्यात गेलं तर पाठीत आणि पायांत असह्य वेदना, मग झटके, हृदयाचे ठोके बिघडणं; त्यात पेशंट दगावलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबद्दल इशाराही दिला. ही चूक निष्काळजी माणसाकडूनच होते असं समजू नकोस, ती घाईत चांगल्या माणसाच्या हातूनही होते. ट्रानेक्झामिक स्पायनलच्या ट्रेच्या आसपासही ठेवू देऊ नकोस. औषध ओढण्याआधी लेबल मोठ्याने वाच, सिस्टरनाही वाचायला सांग. रिकामी अँप्युल केस संपेपर्यंत फेकायची नाही.

पाठ वाकवायला सांगताना कळ ओसरू दे. कमरेच्या दोन्ही हाडांच्या माथ्यांना जोडणारी रेघ चौथ्या मणक्याशी येते खरी, पण गरोदर बाईत चाचपताना ती बऱ्याचदा वर सापडते. शंका आली तर एक जागा खाली उतर. २५ किंवा २७ गेजची बारीक, पेन्सिल पॉइंट (पेन्सिलीसारख्या टोकाची) सुई आणि साधारण १.८ ते २.२ मिली हेवी बुपिव्हाकेन. बाई फार बुटकी असेल तर आणखी कमी.

इथून पुढची दहा मिनिटं तिच्या उशाशीच थांब. फॉर्म नंतर भरता येतील. उजव्या कुल्ल्याखाली पाचर दे, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवरून बाजूला होतो. बीपी दर मिनिटाला घे. ती ‘मळमळतंय’ म्हणाली की उलटीच्या इंजेक्शनकडे हात जाण्याआधी बीपी बघ, बहुधा ते घसरलेलं असतं. बीपी चढवणाऱ्या फिनायलेफ्रिनची १० मिलिग्रॅमची अँप्युल १०० मिली सलाईनमध्ये घातली की एका मिलीत १०० मायक्रोग्रॅम येतात; त्यातलं अर्धा ते एक मिली दे. नाडीही मंदावली असेल तर मात्र हे औषध ती आणखी मंद करतं. तिथे इफेड्रिन किंवा मेफेन्टरमिन ६ मिलिग्रॅम बरं.

‘श्वास येत नाही’ असं म्हणाली तर आपली दोन बोटं तिच्या हातात दे आणि ‘जोरात दाबा’ म्हण. पकड घट्ट आणि आवाज खणखणीत असेल तर छाती बधिर झाल्यामुळे तसं वाटतंय. ते तिला समजावून सांग, बरीच शांत होते. पकड ढिली आणि आवाज कुजबुजीसारखा झाला तर भूल वर चढते आहे. मास्क लाव, मदतीला हाक मार, ट्यूब घालायच्या तयारीला लाग.

आणि ‘काहीच कळणार नाही’ असं वचन देऊ नकोस. बाळ काढताना ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटतं. ते आधी सांगितलं नाही तर ती घाबरते, आणि आपल्यावरचा तिचा विश्वास तिथेच तुटतो.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात चक्कर मार. बसल्यावर वाढणारं आणि आडवं झाल्यावर उतरणारं डोकं दुखणं सुईचं असतं. ताप, झटके किंवा आडवं होऊनही न थांबणारं दुखणं असेल तर दुसरं कारण शोध. आणि स्पायनल दिल्यावर चार तासांनी तिला पाय सरळ उचलायला सांगायचं, हे सिस्टरना लिहून दे. उचलता आला नाही तर मला रात्री कितीही वाजता फोन कर. मणक्यात रक्त साठलं असेल तर एमआरआयला एक तासही वाया घालवायचा नाही.