रस्त्यावरच्या मनोरुग्णांना पालिका उचलून का नेत नाही?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या कोपऱ्यावर, बंद पडलेल्या एटीएमच्या पायरीवर एक माणूस चार-पाच महिन्यांपासून राहतोय. एकटाच बोलतो, रात्री ओरडतो, मुलं घाबरतात. अशांना उचलून मनोरुग्णालयात का नेत नाहीत आणि शहराने या लोकांचं करायचं तरी काय, असं तुम्ही विचारलंय. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समाजसेविका आहे. या कामातली सात वर्षं रस्त्यावरच्या रुग्णांबरोबरच गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट, उचलून नेतात. तक्रारी वाढल्या किंवा कोणी मोठा पाहुणा येणार असला की गाडी येते आणि घेऊन जाते. पण तोच माणूस दोन-तीन महिन्यांनी पुन्हा त्याच पायरीवर दिसतो, नाहीतर शेजारच्या स्टेशनवर. दवाखान्यात तो बरा होत नाही असं नाही. बऱ्याच जणांना आठ-दहा आठवड्यांत चांगला फरक पडतो. मग डिस्चार्ज होतो, हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि पत्त्याच्या रकान्यात रेघ असते. सोळाव्या दिवशी काय, याचं उत्तर कोणाकडेच नसतं. माझं सगळं म्हणणं या सोळाव्या दिवसाबद्दल आहे.

एक माणूस सांगते. उड्डाणपुलाखाली राहायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, कारण सापडेल त्या कागदावर बारीक अक्षरात काहीतरी लिहीत बसायचे. मे महिन्यात अंगात तीन शर्ट आणि वर स्वेटर. बरोबर चादरीचं एक गाठोडं, ते क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचे नाहीत. पहिले तीन आठवडे मी आणि माझी सहकारी फक्त समोरच्या टपरीवर चहा घ्यायचो आणि एक ग्लास त्यांच्यापासून हातभर लांब ठेवायचो. नाव विचारलं नाही, गोळीचा विषय काढला नाही. एक दिवस ग्लास उचलून ते म्हणाले, "साखर जास्त झालीय." आमच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. टपरीवाल्या भाऊंनी बोलण्यावरून लगेच ओळखलं, हे मराठवाड्याकडचे.

त्यांच्या पायाला जखम होती. सुरुवात त्या जखमेपासून झाली. ड्रेसिंग करून घेताना माणूस बसायला लागतो, हात लावू देतो. मग डॉक्टर पुलाखाली आले, तिथेच स्टुलावर बसून बोलले. गोळी घ्यायला मास्तर कबूल झाले ते झोपेसाठी. कानात येणारे आवाज त्यांना खरे वाटत होते, पण झोप येत नाही हे त्यांनाही पटत होतं. गोळ्यांची पट्टी टपरीवर साखरेच्या डब्याशेजारी राहायची. रोज सकाळच्या चहाबरोबर भाऊ त्यांच्या देखत पट्टी फाडून एक गोळी हातावर ठेवायचे. चोरून, चहात विरघळवून कधीच नाही. चोरून दिलेलं एकदा कळलं की तो माणूस पुन्हा कोणाच्या हातचं पाणीही घेत नाही.

दोन महिन्यांनी स्वेटर उतरला. आणि त्याच आठवड्यात सफाई मोहिमेची गाडी आली, पुलाखालचं सगळं भरून घेऊन गेली. गाठोडंही गेलं. त्यात त्यांचा केसपेपर होता आणि तोपर्यंत लिहिलेले सगळे कागद. मास्तर त्याच रात्री निघून गेले. अकरा दिवसांनी दोन स्टेशनं पलीकडे सापडले तेव्हा मला त्यांनी ओळख दिली नाही. पुन्हा हातभर लांबून चहा, पुन्हा पहिल्यापासून. गाडीवरच्या कामगारांवर माझा राग नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. राग आहे तो एकाच शहराचा एक हात औषध देतो आणि दुसरा केसपेपर कचऱ्यात टाकतो, यावर.

कायदा नाही म्हणून हे होतं, असं अजिबात नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा, २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १०० पोलिसांवर स्पष्ट जबाबदारी टाकतं. हद्दीत एखादी मानसिक आजारी व्यक्ती भटकताना दिसली आणि ती स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, तर तिला संरक्षणात घ्यायचं आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. कलम १८ म्हणतं की बेघर रुग्णाला उपचार मोफत मिळाले पाहिजेत, आणि गरिबांच्या बाबतीत पिवळं कार्ड हातात आहे की नाही हेही बघायचं नाही. तरी ओपीडीच्या खिडकीवर मी कितीतरी वेळा ऐकलंय, "आधार आणा." आधार असता तर तो माणूस बेघर कसा राहिला असता?

पोलिसांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण त्यांच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. रात्री दोन वाजता एका ओरडणाऱ्या बाईला हात न लावता, फक्त समोर उकिडवं बसून, "ताई, जेवलात का?" विचारणारे हवालदार मी पाहिलेत. त्यांना अडचण येते ती पुढे. दवाखान्यात नेलं तर बेड नाही, निवाऱ्यात नेलं तर "पेशंट घेत नाही." शेवटी ते तिला स्टेशनवरच्या बाकावर बसवून ड्युटी संपवतात. कलम माहीत असून काय करणार?

महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. सगळ्या राज्याचा भार त्यांच्यावर. तिथे काही माणसं अशी आहेत की आजार केव्हाच आटोक्यात आलाय, पण न्यायला कोणी येत नाही म्हणून वर्षानुवर्षं तिथेच. अशा बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहात किंवा वृद्धाश्रमात हलवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये आपल्या राज्याला सांगावं लागलं. आणि भिक्षेकरी गृहाचा विषय निघालाच आहे तर, १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंध कायदा आपल्याकडे अजून आहे. दिल्लीत तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली मुख्य कलमं रद्द केली. आजारी माणसाला भीक मागतो म्हणून पकडणं म्हणजे त्याच्या आजारालाच गुन्हा ठरवण्याचा प्रकार आहे, तो थांबला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मग चालतं काय? जे चालतं ते आपल्याच देशात, डोळ्यांसमोर आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ मध्ये हे काम सुरू केलं, २०१८ मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि तोपर्यंत सात हजारांहून जास्त माणसं घरी पोचली होती. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, कुठकुठली. आजाराच्या भरात माणूस गाडीत बसतो आणि गाडी थांबेल तिथे उतरतो. मुंबईच्या फलाटांवर येतो तो असा. औषध लागू पडलं की एक दिवस तो गावाचं नाव सांगतो, कधी नुसत्या शाळेचं नाहीतर नदीचं. तिकडे घरच्यांनी आशा सोडलेली असते. तुमच्या पायरीवरचा माणूसही कोणाच्या तरी घरातून हरवलेला असण्याची शक्यता खूप मोठी आहे.

पण घरी पोचवलं म्हणजे काम झालं नाही. गावाजवळ गोळ्या मिळाल्या नाहीत तर तो पुन्हा गाडीत बसतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यासाठीच आहे, तालुक्याच्या रुग्णालयात औषध मिळण्यासाठी. महिन्याला एक इंजेक्शन घेऊन व्यवस्थित राहणारे रुग्ण आहेत, रोजच्या गोळीची कटकट नाही. ते इंजेक्शन तालुक्याला असलं पाहिजे, एवढंच.

कोलकात्यात ईश्वर संकल्प नावाची संस्था २००७ पासून रस्त्यावरच उपचार करते. चहावाले, पानवाले, पदपथावरचे विक्रेते यांना हाताशी धरून रोजचं औषध आणि जेवण त्यांच्यामार्फत चालतं. आमच्या टपरीवाल्या भाऊंची गोष्ट म्हणजे नवलाची नाही, तिकडे ती पद्धत आहे. आणि चेन्नईची द बॅनियन. १९९३ मध्ये दोन तरुण मुलींनी सुरू केली. आता ते दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या बायकांसाठी साध्या वस्तीत भाड्याने घर घेतात. चार-पाच जणी एकत्र राहतात, स्वतः भाजी आणतात, भांडतात, सण करतात, मदतीला एक ताई असते. फिनलंडने २००८ पासून बेघरांसाठी हाच क्रम धरला: आधी घर, मग बाकीचं, आणि बरं होण्याची अट घरासाठी नाही. पुलाखाली राहून नियमित गोळी घे, मग खोली देऊ, हे उलटं आहे. कुलूप लावता येणारं दार असलं तर गोळी चुकत नाही, हे मी बघितलंय.

आपल्याकडे शहरी निवाऱ्यांचा नियम आहे: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय. पण मी पाहिलेल्या बहुतेक निवाऱ्यांत मानसिक आजार दिसला की दार बंद. म्हणून माझ्या मते शहराने पहिला पैसा दोन गोष्टींवर घालावा. एक, प्रत्येक वॉर्डात कायम पगारावर एक छोटी टीम, नर्स आणि समाजसेवक, आठवड्यातून दोनदा डॉक्टर. त्यांच्याकडे वॉर्डातल्या अशा प्रत्येक माणसाची यादी हवी, आणि सफाईची गाडी निघण्याआधी ती यादी बघायचा नियम. दोन, भाड्याच्या खोल्या. त्याला डिपॉझिट कोण देणार आणि घरमालक तयार कसा होणार, हा खरा अवघड भाग आहे. तिथे पालिकेने स्वतःच्या नावावर भाडेकरार करावा. मालकाला पालिकेच्या चेकची खात्री असते.

सक्तीने न्यायचंच नाही, असं माझं म्हणणं नाही. जखमेत किडे पडलेत, जेवण सुटलंय, गाड्यांच्या मधे पळतोय, अशा वेळी मी स्वतः रुग्णवाहिका बोलावली आहे आणि पुन्हा बोलवीन. बाईच्या बाबतीत तर मी एक रात्रही थांबत नाही. रस्त्यावरच्या आजारी बाईवर काय वेळ येते ते अहिल्यानगरजवळ माऊली प्रतिष्ठानचे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांना विचारा. अशा स्त्रियांना आणि त्यांच्या लेकरांना ते वर्षानुवर्षं सांभाळताहेत.

मास्तरांचं पुढे काय झालं? त्यांचा धाकटा भाऊ सापडला, येऊन भेटला, दोघं खूप रडले. पण मास्तर गावी गेले नाहीत. आता एका चाळीत आणखी दोघांबरोबर राहतात. खोली दाखवली त्या दिवशी त्यांनी विचारलं, "किल्ली माझ्याकडे राहील का?" गळ्यात दोऱ्याला बांधून ठेवतात ती.

तुम्ही उद्या काय करू शकता? वॉचमनला विचारा, त्या माणसाला खायला कोण देतं. कोणीतरी देतच असेल, त्याच्याशी तो बोलतही असेल. त्या व्यक्तीला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि लेखी अर्जात कलम १०० चा उल्लेख करा, पोच घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे विचारलं तर जवळची सरकारी सोय सांगतात. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. आणि त्याची पिशवी किंवा गाठोडं असेल तर ते कोणी फेकणार नाही, एवढं सफाईवाल्या मावशींना आजच सांगून ठेवा. तुमचं शहर कोणतं ते प्रतिसादात लिहा, तिथे ओळखीचं कोणी काम करत असेल तर कळवते.