गाताना काहीच वाटत नाही, म्हणजे देवाने मला सोडलं का?

प्रिय ताई,

तुमचं नाव छापत नाही, काळजी नसावी. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या पत्राचा सारांश आधी देते.

ताई ख्रिस्ती घरात जन्मल्या. संडे स्कूलमध्ये वाढल्या आणि लग्नानंतर इतकी वर्षं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनमंडळात गात आल्या. नोकरी आहे, दोन मुलं आहेत आणि घरी स्मृतिभ्रंश झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. गेल्या वर्षभरात प्रार्थनेत काही जाणवेनासं झालं. उपासनेत कुणी साक्ष द्यायला उभं राहून ‘आज पहाटे प्रभू माझ्याशी बोलला’ म्हणालं की यांच्या पोटात खड्डा पडतो. ‘मी ओठांनी गाते, आत सगळं कोरडं. हा खोटेपणा मला सहन होईना,’ असं त्या लिहितात. म्हणून काही महिन्यांपासून त्यांनी चर्चला जाणं सोडलं आहे. तेव्हापासून एका वयस्कर मावशींखेरीज कुणाचा फोन आलेला नाही. त्या विचारतात, देवाने मला सोडलं आहे का? आणि मंडळीशिवाय घरीच विश्वास जपता येणार नाही का?

ताई, देवाने तुम्हाला सोडलेलं नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, माझा तसा ठाम विश्वास आहे. देवाची जाणीव असणं आणि देव सोबत असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जाणीव झोपेवर, तब्येतीवर, दुःखावर अवलंबून असते, कमी-जास्त होते. त्याची सोबत आपल्या मनःस्थितीवर ठरत नाही.

तुम्ही ‘खोटेपणा’ म्हणालात, त्यापाशी मला जरा थांबायचं आहे. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढा आणि स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, रडता रडता देवाच्या स्तुतीवर येतात. हे येत नाही. रात्रंदिवस आक्रोश करणारा माणूस देवाला विचारतो, तू माझ्यापासून तोंड का लपवतोस? उत्तर मिळत नाही आणि स्तोत्र अंधारातच संपतं. आता त्याच्या वर दिलेली ओळ पाहा. हे स्तोत्र मुख्य गवयासाठी दिलेलं आहे. म्हणजे ते एकांतात लिहून लपवून ठेवलेलं नव्हतं, सगळ्यांच्या उपासनेत गाण्यासाठी होतं. देवाच्या लोकांनी कोरड्या मनाला आपल्या गायनात जागा दिली. तुम्ही इतकी वर्षं ज्या गायनमंडळात उभ्या होतात, तिथे ‘आतून उचंबळून आलं तरच तोंड उघडा’ असा नियम कधीच नव्हता. वाटत नसतानाही गाणं म्हणजे ढोंग नव्हे. ढोंगी माणसाला लोकांची वाहवा हवी असते. तुम्हाला देव हवा आहे, म्हणून तर तुम्ही एवढं लांबलचक पत्र लिहिलंत.

त्याच पत्रात तुम्ही ओझरती एक गोष्ट लिहिली आहे आणि पुढच्याच ओळीत मुलांच्या परीक्षेकडे वळला आहात. सासूबाई आता तुम्हाला ओळखत नाहीत, मुलाचं नाव विसरल्या आहेत. पण रात्री त्यांचं अंग पुसून, कूस बदलून दिल्यावर तुम्ही सवयीने ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू करता, तेव्हा त्यांचे ओठ हलू लागतात. आवाज फुटत नाही, पण शब्द चुकत नाहीत. ‘आमेन’ होईपर्यंत त्या तुमची करंगळी धरून ठेवतात.

ताई, तुम्ही देवाला शोधत होतात ना?

मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा वाचला. लेकराचं नाव पुसलं गेलं, तरी ती प्रार्थना उरली. ती तिथवर कशी पोहोचली असेल? लहानपणापासून दर रविवारी, शंभर माणसांच्या आवाजात, कधी मन लावून तर कधी पेंगत, ती म्हटली गेली म्हणून. म्हणताना प्रत्येक वेळी त्यांना काही जाणवत असेल असं मला वाटत नाही. पण भावना जिथे पोहोचत नाहीत तिथे ते शब्द मुरले आणि आज बाकी सगळं गळून पडल्यावर त्यांना धरून आहेत. तुम्ही जे कोरडेपणाने गात होतात, तेही असंच कुठेतरी साठलेलं असणार.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. त्यांना मठाच्या स्वयंपाकघरात काम दिलं होतं आणि मुळात त्यांना त्या कामाचा मनस्वी कंटाळा होता. मठातली त्यांची पहिली कितीतरी वर्षं घुसमटीत गेली, आपल्यावर देवाची कृपाच नाही असं त्यांना वाटे. हळूहळू त्यांनी एकच सवय लावून घेतली. हातातलं काम देवाच्या प्रीतीखातर करायचं आणि ते करता करता त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. विसरलो तर स्वतःला कोसत न बसता पुन्हा सुरुवात करायची. पुढे प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खडखडाटातली वेळ, दोन्ही त्यांना सारख्याच झाल्या. १६९१मध्ये ते वारले. त्यांची पत्रं आणि संभाषणं त्यानंतर इतरांनी छापली. मला त्यांच्याबद्दल आवडतं ते हे, की त्यांना निराळी, पवित्र वाटणारी जागा मिळाली नाही. नावडतीच जागा होती, तिथेच त्यांना देव भेटला.

तुम्हीही नवीन काही अंगावर घेऊ नका. पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करा असं कुणी सांगितलं, तर नम्रपणे नाही म्हणा. आत्ता तुम्हाला झोपेची गरज आहे. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला एलीया संदेष्टा आठवा. ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणून तो झुडपाखाली पडला. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूताकरवी उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. ती मंद, शांत वाणी त्याने ऐकली ती बरीच नंतर, होरेब डोंगरावर. तुम्ही लिहिता की झोप उडाली आहे आणि कारण नसताना रडू येतं. कृपा करून याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. हे विश्वास कमी पडण्याचं लक्षण समजू नका. शरीर आणि मन थकलं की देवाची जाणीवही बोथट होते. औषध लागलं तर ते कृतज्ञतेने घ्या.

रात्री सासूबाईंजवळ बसाल तेव्हा मात्र एवढं करा. दिवस मागे वळून बघा आणि कुठे थोडा दिलासा मिळाला, कुठे जीव नकोसा झाला, ते देवाला सांगा. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या लोकांना शिकवलेल्या आत्मपरीक्षणाचा हा अगदी साधा अवतार आहे. पाच मिनिटं पुरतात. काही सापडलं नाही तर ‘आज काही दिसलं नाही’ असं सांगा. तीही प्रार्थनाच.

आता मंडळी. घरी विश्वास टिकेल का? काही काळ टिकेल. पण तुमच्यासारख्या दमलेल्या माणसाने एकटं राहू नये, असं मला फार तीव्रतेने वाटतं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चार जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उघडून खाली सोडतात. तिथे लिहिलं आहे की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस आपणहून काही बोलल्याचं लिहिलेलं नाही. मंडळी असते ती याच्यासाठी. सध्या तुम्ही खाटेवर आहात. इतकी वर्षं तुम्ही इतरांची खाट उचललीत, आता इतरांना उचलू द्या.

ती माणसं फोन करायलाही विसरली, हे मला नजरेआड करायचं नाही. ते चुकलंच. गायनमंडळातली एक बाई दर रविवारी दिसेनाशी होते आणि कुणी विचारत नाही, याचं दुःख होणं रास्त आहे. ते पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, स्पष्ट सांगा, रागाने सांगितलंत तरी चालेल. पण त्यांना एक कामही द्या. तुमच्या सासूबाईंनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, घेऊन किती काळ लोटला असेल? आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलावून घ्यावं, असं याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितलं आहे. म्हणजे बोलावणं हा तुमचा हक्कच आहे. घरी येऊन प्रभुभोजन द्या, येताना दोघा-तिघांना सोबत आणा, असं सांगा. आणि महिन्यातून काही रविवारी कुणीतरी सासूबाईंजवळ बसेल का, हेही विचारा. मदत मागितल्याशिवाय लोकांना ती सुचत नाही, हे मी या स्तंभाच्या पत्रांतून वारंवार पाहते.

परत जाल तेव्हा लगेच गायनमंडळात उभ्या राहू नका. मागच्या बाकावर, त्या मावशींच्या शेजारी बसा. आजच त्यांना फोन लावा आणि मला जे लिहिलंत ते त्यांनाही सांगा. साक्ष द्यायला कुणी बोलावलं तर ‘सध्या नको’ एवढंच म्हणा, कारण सांगायची गरज नाही. गावंसं वाटलं तर गा, नाही तर बाकीचे गात असतील, ते ऐका.

पाळक घरी येऊन गेले की मला चार ओळी जरूर लिहा. आले नाहीत, तरीही लिहा.

तुमची,
ताई