‘पुराणमतवादी’ उमेदवार आणि ‘प्राथमिक’ निवडणूक

अमेरिकी राजकारणावरच्या एका लेखाचं मराठी करताना ‘काँग्रेसच्या प्राथमिक निवडणुकीतील पुराणमतवादी उमेदवाराची धोरणे’ असं शीर्षक सुचलं, ते बरोबर आहे का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते यातला ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’साठी ठेवलेला ‘पुराणमतवादी’ आधी काढावा. हा शब्द वाचला की मराठी माणसाला विधवाविवाहाला विरोध करणारे, १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावर तुटून पडणारे लोक आठवतात. सुधारकांशी भांडणारा तो पुराणमतवादी, हे नातं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. आता एक खरा उमेदवार घ्या. जून २०१४मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या सातव्या मतदारसंघात रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातले बहुमतातल्या पक्षाचे नेते एरिक कँटर यांना हरवलं. बेकायदा आलेल्या स्थलांतरितांना माफी नको, सरकारनं अंथरूण पाहून पाय पसरावेत, ओबामांचा आरोग्य कायदा रद्द व्हावा, बड्या कंपन्यांवरची मेहेरबानी थांबावी, ही ब्रॅट यांची भूमिका. शिवाय खासदारकीला मुदतीची मर्यादा हवी, आणि आपण स्वतः बारा वर्षांहून जास्त राहणार नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं. ही शेवटची मागणी पाहा. ती पुरी करायची तर अमेरिकेची राज्यघटनाच बदलावी लागेल, कारण राज्यांना परस्पर अशी मर्यादा घालता येत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये दिला आहे. घटनेत नवं कलम मागणाऱ्याला पुराणमतवादी कसं म्हणायचं?

‘सनातनी’ तर त्याहून दूरचा. त्यात धर्म आला. ‘हुजूर’ हा शब्द फार छान, पण तो ब्रिटनच्या पक्षाचा. समोर ‘मजूर’ असल्याशिवाय तो शोभत नाही. मी ‘उजव्या विचारांचा’ लिहीन. तेवढ्यानं भागत नाही, हे मान्य. कँटरही उजवेच होते, तेव्हा ‘कँटर यांच्याहून कडवे उजवे’ असं लिहून पुढे मुद्दे द्यावेत.

‘प्रायमरी’ म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. तिला ‘प्राथमिक निवडणूक’ म्हणणं हा शब्दाला शब्द ठेवल्याचा प्रकार आहे. प्राथमिक शाळेसारखी पहिली पायरी एवढंच त्यातून कळतं. ‘पक्षांतर्गत निवडणूक’ बरा, पण तो वाचून पक्षाचा अध्यक्ष निवडत असल्यासारखं वाटतं. शिवाय व्हर्जिनियात मतदारनोंदणी पक्षवार होत नाही, त्यामुळे पक्षाबाहेरचा माणूसही तिथे मत देऊ शकतो. आपल्याकडे उमेदवारीला सगळे ‘तिकीट’ म्हणतात. तिकीट कुणाला द्यायचं हे आपल्याकडे श्रेष्ठी ठरवतात, तिथे मतदार ठरवतात. म्हणून ‘उमेदवारीची निवडणूक’ म्हणावं. बोलताना ‘तिकिटाची निवडणूक’ म्हटलं तरी ऐकणाऱ्याला लगेच उमगतं.

राहिला ‘काँग्रेस’, म्हणजे अमेरिकेची संसद. त्याच्या आधी ‘अमेरिकी’ हवंच, नाहीतर वाचकाला आपला हाताचा पंजा दिसेल. तेव्हा शीर्षक असं करा : ‘अमेरिकी काँग्रेससाठी उमेदवारीची निवडणूक : उजव्या उमेदवाराची भूमिका’.