डॉलीचा गुडघा आणि कंसातलं कर्ज

प्रश्न : माझी लॅब्राडोर डॉली सहा वर्षांची आहे, वजन ३८ किलो. महिनाभर मागचा डावा पाय नीट टेकत नाही. गुडघ्याचा क्रुसिएट लिगामेंट (सांधा धरून ठेवणारा बंध) तुटलाय असं डॉक्टर म्हणाले आणि टीपीएलओ (हाड कापून प्लेटने पुन्हा बसवायच्या) ऑपरेशनचा १,१०,००० रुपयांचा अंदाज दिला. माझी १,५०,००० ची एफडी आहे, पण ती वेळप्रसंगासाठी ठेवली आहे. ९,००० रुपये हप्त्याचा पेट इन्शुरन्स आत्ता काढून दोन महिन्यांनी ऑपरेशन केलं तर चालेल का? की एफडी मोडू?

(इतर माहिती : आयुर्विमा पॉलिसीचा हप्ता वर्षाला ६०,०००, मुदत २० वर्षं, चार हप्ते भरले, विमा रक्कम ६ लाख. आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद केली, तर १,२५,००० मिळतील. डॉलीच्या गेल्या वर्षीच्या गोचीडतापापासून क्रेडिट कार्डावर १,४०,००० बाकी आहेत, पण किमान देय ७,००० मी कधीही चुकवलेलं नाही. आई माझ्यावर अवलंबून आहे. पुढे डॉलीची एकदा पिल्लं काढली की बराच खर्च निघेल.)
एक वाचक, वय ३६

उत्तर : एफडी मोडा. विमा काढून मग ऑपरेशन करायचा बेत सोडा. पाय टेकत नाही ही नोंद डॉक्टरांच्या केसपेपरवर झाली आहे आणि क्लेम करताना तोच कागद मागतात. आधीपासूनचं दुखणं विम्यात बसत नाही. ते लपवलंत तर क्लेम तर जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. अनेक पॉलिसी तर एक गुडघा आधी बिघडला असेल तर दुसऱ्या गुडघ्याचेही पैसे देत नाहीत. आणि हा दुसरा गुडघाच महत्त्वाचा आहे, कारण एका बाजूचा लिगामेंट गेलेल्या साधारण निम्म्या कुत्र्यांचा पुढे दुसराही जातो.

आता कंसात लिहिलेल्या गोष्टींकडे वळू. पत्राचा खरा विषय तिथे आहे.

किमान देय कधी चुकवलं नाही हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. हिशेब बघा. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर १,४०,००० वर ४,९०० होतात, त्यावरचा कर धरून ५,८००. तुम्ही ७,००० भरता, त्यातले १,२०० फक्त मुद्दलात जातात. वर्षाला सुमारे ७०,००० रुपये नुसतं व्याज! शिवाय जुनी बाकी फिरवत ठेवली की नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. डॉलीचं खाणं आणि औषधं त्याच कार्डावर घेत असाल तर त्या प्रत्येक बिलावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतंय. कार्ड आजपासून बंद ठेवा.

याच काळात दीड लाखाची एफडी वर्षाला दहा हजार कमावते, तेही कर कापण्याआधी. एफडी वेळप्रसंगासाठी आहे म्हणता, पण वेळप्रसंग गेल्या वर्षी गोचीडतापाच्या रूपाने येऊन गेला. तेव्हा ती मोडली असती तर हे कर्ज इथवर आलंच नसतं.

आता पॉलिसी. ६०,००० चे वीस हप्ते म्हणजे १२ लाख. अशा पॉलिसीत एजंट शेवटी साधारण २१ लाख दाखवतो आणि 'पावणेदोन पट' म्हणतो. वीस वर्षांत पावणेदोन पट म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्के. एकीकडे चाळीस टक्क्यांच्या वर व्याज भरायचं आणि दुसरीकडे पाच टक्क्यांसाठी दरमहा पाच हजार गुंतवायचे, हा व्यवहार कुणीही समजावून सांगू शकणार नाही. विकणाऱ्यालाच त्यातून कमिशन मिळालं. आणि संरक्षण किती, तर सहा लाख. तुम्हाला काही झालं तर आईचे त्यात किती दिवस निघतील?

म्हणून क्रम असा ठेवा. आधी साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा विमा. तुमच्या वयात सहा लाखांच्या कितीतरी पट संरक्षण आताच्या हप्त्याच्या छोट्या हिश्शात मिळतं. तो मंजूर होऊन हातात आल्यावरच जुनी पॉलिसी सरेंडर करा, आधी नाही. २,४०,००० भरून १,२५,००० मिळतील, म्हणजे १,१५,००० गेले. वाईट वाटेल, पण ते पैसे चार वर्षांपूर्वीच गेले आहेत, सरेंडरचा अर्ज भरताना नाही. एजंट 'पॉलिसीवर कर्ज काढा' म्हणेल. नको. त्यात हप्ता चालूच राहतो आणि वर एक नवं व्याज लागतं.

एफडीतून ऑपरेशनचे १,१०,००० द्या, उरलेले ४०,००० त्याच दिवशी कार्डावर भरा. मुदतीआधी मोडल्याने थोडं व्याज जाईल, त्याची फिकीर नको. सरेंडरचे पैसे आले की कार्डावरचा उरलेला लाख फेडा. मधल्या काळाचं व्याज वजा जाता वीसएक हजार हातात राहतील. आणि दर महिन्याला कार्डाचे ७,००० व हप्त्याचे ५,००० असे १२,००० मोकळे होतील. टर्म प्लॅनचा हप्ता त्यातून भरूनही वर्षभरात लाखाच्या वर जमतील. ते वेगळ्या खात्यात ठेवा. दुसऱ्या गुडघ्याची तरतूद तिथे होईल.

ऑपरेशनचा अंदाज लेखी घ्या, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही आकडे टाकून. त्यात रक्ततपासणी, भूल, प्लेट आणि स्क्रू, दवाखान्यातल्या रात्री, घरी द्यायची औषधं, सहा ते आठ आठवड्यांनंतरचा एक्स-रे आणि फिजिओ हे सगळं धरलंय का, ते एकेक करून विचारा. जखमेत जंतुसंसर्ग झाला किंवा पुढे प्लेट काढावी लागली तर कोणाच्या खिशातून, हेही. लोक शस्त्रक्रियेचा आकडा धरतात आणि पुढच्या दोन महिन्यांच्या खर्चाने हबकतात. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत डॉलीला पट्ट्यावरच फिरवा. उड्या आणि जिने बंद. आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली तर दुखणं आणि बिल दोन्ही वाढतं.

वजनाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत. लॅब्राडोर मादीसाठी ३८ किलो हे सात-आठ किलो जास्त आहे. तो भार दोन्ही गुडघ्यांवर पडतो, आणि भूल असो की वेदनाशामक, मात्रा किलोवर ठरते. लॅब्राडोरवरच केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चौथाई कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली, आणि सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा लागलं. डॉलीच्या उपचारांत खर्च न वाढवता पैसे वाचवणारा उपाय हा एकच आहे. खाणं वाटीने नाही, काट्यावर मोजून द्या.

विम्याचं पत्रक तुम्ही पाठवलं नाहीत, तेव्हा ठरवण्याआधी एवढंच पाहा : वर्षाची कमाल मर्यादा किती, प्रत्येक आजाराची वेगळी मर्यादा आहे का, क्लेमचे किती टक्के तुम्ही भरायचे, आणि या वयाच्या कुत्रीला नूतनीकरण कुठवर मिळतं. मर्यादा ऑपरेशनच्या निम्म्यावर असेल तर ते ९,००० वेगळ्या खात्यात टाकलेले बरे. गोचिडांचं औषध मात्र एकही महिना चुकवू नका.

आता पिल्लं. लिगामेंटच्या या दुखण्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, त्यामुळे असा गुडघा पिल्लांत उतरवू नये. सहाव्या वर्षी पहिली वीण तशीही धोक्याची, सिझेरियन लागलं तर तेच बिल कार्डावर जाईल. उलट गर्भाशय काढून घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. स्वीडनमधल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींप्रमाणे नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी सुमारे चौथाईंना दहा वर्षांच्या आत पायोमेट्रा होतो, म्हणजे गर्भाशयात पू भरतो आणि रात्री-अपरात्री ऑपरेशन करावं लागतं. ठरवून केलेली नसबंदी त्याच्या तुलनेत फार स्वस्त पडते. गुडघा भरून आल्यावर तिची तारीख घ्या.