वाचकांचे प्रश्न : भट्टी ठाण्याहून बेळगावला न्यायची आहे

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात आमचं सिरॅमिकचं काम चालतं. १२ किलोवॅटची थ्री-फेज विजेची भट्टी, कुंभारकामाची दोन चाकं, प्लास्टरचे साचे आणि माती असा पसारा आहे. आता घरासकट बेळगावला जातोय. पॅकर्सवाले म्हणतात, सगळं एकाच ट्रकमध्ये बसेल. बसवावं का? (वाचक, ठाणे)

उत्तर : बसेल, पण बसवू नका. गाळ्याच्या सामानाला वेगळा टेम्पो करा. कपाटं-गाद्यांच्या खचाखचीत भट्टीवर काय ठेवलं जाईल, यावर तुमचा ताबा राहत नाही.

सगळ्यात नाजूक वस्तू भट्टीच. कॉइलची (भट्टी तापवणाऱ्या वेटोळ्याची) तार एकदा तापून निघाली की थंड असताना ठिसूळ होते. नवी असताना वाकते, जुनी झाल्यावर तुटते. भट्टीच्या हलक्या विटाही नखाने खरवडल्या जातात. म्हणून भट्टी आडवी पाडायची नाही आणि रिकामी जागा दिसली म्हणून आत भांडी भरायची नाहीत. (हमाल हमखास भरतात, दार बंद करून सील लावा.) दाराला किंवा झाकणाला फोमचा आधार द्या, थर्मोकपल (आतलं तापमान मोजणारी काडी) काढून हातातल्या पिशवीत ठेवा. टेम्पोत भट्टीची जागा केबिनच्या मागे. शेपटाकडे गचके जास्त बसतात.

वायर सुटी करण्याआधी कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर मोजून लिहून ठेवा. स्टार जोडणीत (प्रत्येक कॉइल फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये) दर फेजला ४ किलोवॅट असतील तर आकडा १३ ओहमच्या आसपास येतो. जुन्या कॉइलचा थोडा जास्त. बेळगावला उतरल्यावर पुन्हा मोजा. आकडा तोच आला तर निर्धास्त, मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. कॉइलचा एक जादा संच आधीच घेऊन ठेवलेला बरा. जोडणीचे फोटो काढा, प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा.

भट्टीतली शेल्फ (भांडी ठेवायच्या फरश्या) आडवी रचू नका, एका गचक्यात खालची फुटतात. कडेवर उभी करून मध्ये पुठ्ठा घाला. साचे पूर्ण वाळवून, दोन्ही भाग जुळवून रबराने बांधा. कच्ची भांडी नेण्याच्या भानगडीत पडू नका. निघण्याआधी बिस्किट फायरिंग (लेप देण्याआधीची पहिली भाजणी) उरका आणि भट्टी पुरती निवायला दोन दिवस ठेवा. ग्लेझची (भांड्यांवरच्या काचेसारख्या लेपाची) बादली रात्रभर स्थिर ठेवून वरचं पाणी ओता आणि उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

माती मात्र फार नेऊ नका, भाडं वजनावर चढतं. हातातल्या ऑर्डर पुऱ्या होतील एवढी घ्या. नवी माती घेतल्यावर जुनं ग्लेझ तिच्यावर तडकू शकतं, कारण दोघांचं आकुंचन जुळत नाही. आधी चाचणीचे तुकडे भाजा. बोअरचं जड पाणी असेल तर ओतकामाची स्लिपही (साच्यात ओतायची पातळ माती) घट्ट होते.

टेम्पो ठरवण्याआधी नव्या जागी थ्री-फेजचा अर्ज करा. बेळगावला वीज हेस्कॉमची. १२ किलोवॅटला दर फेजवर साधारण १७ अँपिअर लागतात, तेच सिंगल फेजवर ओढलं तर ५२. पहिल्यांदा भट्टी लावताना १२० अंशांच्या आत काही तास ठेवा, हवेची भोकं उघडी. विटांनी ओल धरलेली असते.

प्रश्न : आमची जीएसटी नोंदणी महाराष्ट्राची आहे. पत्ता बदलून कर्नाटकाचा करता येईल? (वाचक, ऐरोली)

उत्तर : नाही. नोंदणी राज्यनिहाय असते, तिथे नवीच घ्यावी लागते. आधी नवी घ्या, माल हलवा, मग जुनी रद्द करा. उलट क्रम लावलात तर शिल्लक माल आणि यंत्रांवर घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत भरण्याचा प्रश्न उभा राहतो. दोन नोंदणींमधली मालाची हलवाहलव हा कायद्याने पुरवठाच आहे; आयजीएसटीचं (आंतरराज्य जीएसटीचं) बिल करा, कर्नाटकात नियमांनुसार त्याचं क्रेडिट मिळतं. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरायचं, हे बहुतेक जण विसरतात.

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन दाखला) लागत नाही. ५०,००० रुपयांवरच्या धंद्याच्या मालाला लागतं. म्हणूनच दोन गाड्या, दोन याद्या. या बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. ठाणे–बेळगावला तीन दिवस मिळतात. वाटेत गाडी बदलली तर बिलातला गाडीचा क्रमांकही बदलावा लागतो, तेव्हा 'गाडी बदलणार नाही' हे वाहतूकदाराकडून लिहून घ्या. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) मात्र तीच राहते, फक्त पत्ता ऑनलाइन बदला.

प्रश्न : परराज्यात राहायला जाताना घरच्या गॅसचं आणि गाडीचं काय? (वाचक, खारघर)

उत्तर : सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे परत करून टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याचा कागद) घ्या, शेगडी बरोबर न्या. भरलेलं सिलिंडर ट्रकमध्ये ठेवू नका. गाडीसाठी इथल्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी काढा. कर्ज असेल तर बँकेची संमतीही लागेल. परराज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिथे नवी नोंदणी करावी लागते. ती झाल्यावर उरलेल्या काळाच्या रोड टॅक्सचा परतावा इथल्या आरटीओकडे मागा.