लिफ्टची भीती एका बैठकीत जाते का?

प्रश्न : आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, आता चौदाव्या मजल्यावर घर मिळालंय. पण लिफ्टचं दार बंद झालं की छातीत धडधडतं, वाटतं आता हवा संपणार. मी जिनाच चढते, गुडघे पार गेलेत. मुलगी म्हणते काउन्सेलरकडे चल, एकदोन सिटिंगचं काम आहे. वीस वर्षांची भीती अशी जाते होय? - एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, जाऊ शकते, खरंच. भीती वीस वर्षांची आहे म्हणून उपचारही वर्षानुवर्षं चालायला हवेत असं काही नसतं. तुम्ही लिफ्ट टाळता, लगेच हायसं वाटतं, आणि मन धरून बसतं की टाळलं म्हणूनच वाचलो. भीती जिवंत राहते ती ह्या टाळण्यावर, आणि थोडक्यातली थेरपी नेमकी तेवढीच गाठ सोडवते, तुमचं अख्खं आयुष्य उकरत बसत नाही.

स्वीडनचे मानसतज्ज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८९ मध्ये अशा ठरावीक भीतींसाठी एकाच बैठकीची पद्धत मांडली, बैठक मात्र लांबलचक, तीन तासांपर्यंतची. त्यात नुसत्या गप्पा नसतात. आधी काउन्सेलर विचारते, आत गेल्यावर काय होईल वाटतं? तुम्ही म्हणाल, गुदमरेन. मग दार उघडं ठेवून दोघी आत उभ्या राहायचं, भीती दहापैकी किती ते सांगायचं, नऊ असेल तर नऊ. ती बरीच उतरेपर्यंत बाहेर पळायचं नाही, मग एक मजला, मग चार, मग तुम्ही एकट्या आणि काउन्सेलर वर वाट बघत. केबिनला हवेसाठी फटी असतात हे तुम्हाला शंभरदा सांगून पटणार नाही, आत उभं राहून श्वास घेतलात की पटेल. जबरदस्ती कुठेच नाही, प्रत्येक पायरी तुमच्या होकाराने, आणि कुणी न विचारता ढकलत असेल तर सरळ उठून या.

घरी आल्यावर मात्र लिफ्ट रोज वापरायची, सोडलीत तर भीती परत डोकं वर काढू शकते. आणि धडधडतं म्हणताय तर आधी डॉक्टरांना छाती दाखवून घ्या. मन कायमच उदास असेल, झोप उडाली असेल किंवा जुना मोठा धक्का असेल, तर एका बैठकीवर भागत नाही, तेही काउन्सेलरला पहिल्याच भेटीत सांगा. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.